परक्या गावातील रुग्णसेवा

गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मला भेटावयास आला. त्याची थोरली बहीण, तीही आपल्याच शाळेत वाढलेली, परिचारिकेचे शिक्षण पूर्ण करून टांझानियातील एका खेड्याच्या दवाखान्यात स्वयंसेविका म्हणून काम करीत आहे. तिला भेटण्यासाठी हा महिनाभर निघाला होता. चहा घेता घेता म्हणाला, "सर, ताई म्हणते, येतोच आहेस तर दवाखान्यात हातभार लाव. पण मी पडलो वाणिज्य शाखेचा. मला साधी सुई टोचता येत नाही. तिथे जाऊन मी करू काय?"

मी इतिहासाचा शिक्षक. वैद्यकातले मला काय कळणार! त्या दिवशी मी त्याला अर्धवट उत्तर देऊन वाटेला लावले. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा राहिलेले उत्तर येथे लिहावे असे ठरविले. आपली अनेक मुलेमुली आज परिचर्या, औषधनिर्माण, वैद्यक या क्षेत्रांत आहेत. त्यांपैकी काही सेवेसाठी परदेशी जाऊ इच्छितात, आणि त्यांच्यामागे त्यांची भावंडे, आईवडील असतात. त्यांनाही हा प्रश्न पडत असणारच.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध आनंदासह भिक्खूंच्या निवासांतून फिरत असता त्यांना अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला दिसला. त्याची शुश्रूषा कोणीच करीत नव्हते, कारण इतर भिक्खूंना त्याचा काही उपयोग उरला नव्हता. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून उचलून त्यास मंचकावर निजविले. त्यानंतर संघाला बोलावून, ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी, अशा आशयाचा उपदेश केला. आनंद हा भगवंतांचा चुलतभाऊ होता आणि तो वैद्य नव्हता, या दोन गोष्टी वाचताना सहसा आपल्या लक्षात येत नाहीत. त्या दिवशी त्याने पाणी आणले, अंग धुतले, पाय धरून उचलले. वाणिज्य शाखेच्या मुलालाही एवढे करता येते.

मात्र यात एक अट आहे. अंगाला हात लावावा लागतो. आणि आपल्या देशात याच ठिकाणी गाडी अडत आली आहे.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत नोंदविली आहे. त्याची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर दलितवस्तीत यावयास तयार नव्हता. रुग्णेला वस्तीबाहेर आणावे, या अटीवर तो आला. तेथेही त्याने तिला स्पर्श केला नाही. त्याने तापमापक एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने पत्नीला लावला आणि त्याच क्रमाने तो परत आला. एवढ्यावरून निदान झाले, औषध ठरले. ती वाचली नाही. मी दरवर्षी दहावीच्या वर्गाला हे वाचून दाखवितो आणि दरवर्षी वर्ग गप्प होतो. त्या टिपणांच्या नावातला 'व्हिसा' हा शब्द परदेशगमनाचा. पण तो हवा होता स्वतःच्याच देशातल्या माणसांना, चार गल्ल्या ओलांडण्यासाठी.

म्हणून कोणी परदेशी जाऊन रुग्णसेवा केली असे सांगतो, तेव्हा तो किती मैल गेला हे मी विचारीत नाही. रुग्णाच्या किती जवळ गेला, एवढे विचारतो. या कसोटीला उतरणारे उदाहरण आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातले आहे.

१९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोसांनी निधी उभारला आणि पाच डॉक्टरांचे पथक निघाले. प्रमुख डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईहून बोटीने रवाना झाले. कोटणीसांना अठ्ठाविसावे वर्ष पुरे व्हायचे होते. पदव्युत्तर शिक्षणाची तयारी चालू होती. ती त्यांनी बाजूला ठेवली.

पथकातील इतर सारे एकेक करून मायदेशी परतले. कोटणीस राहिले. १९३९ च्या आरंभी ते यनानला पोचले, पुढे उत्तर चीनच्या डोंगराळ भागातील युद्धक्षेत्रात गेले. तेथे त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली. दुभाष्यामार्फत चार शब्द बोलण्यापुरती नव्हे, तर त्या भाषेत वर्ग घेता येतील इतकी. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. रुग्णालय म्हटल्यावर डोळ्यांसमोर इमारत येते. पण हे खेड्यातले रुग्णालय होते. शत्रू जवळ आला की बिऱ्हाड पाठीवर घेऊन हलावे लागे. डॉ. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे शल्यविशारद. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला होता. त्यांच्या नावाचे रुग्णालय एका सोलापूरकराने सांभाळावे, जखमी चिनी शेतकऱ्यांच्या मुलांवर उपचार करावेत आणि त्याच मुलांतून नवे वैद्यकसेवक घडवावेत, असा तो योग. चिनी लोकांनी त्यांना 'के दिहुआ' हे नाव दिले. १९४१ मध्ये त्यांनी तेथील परिचर्येच्या शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. अपस्माराच्या झटक्यांनी खंगत ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, डॉ. कोटणीस गेले.

चीनच्या राजवटीविषयी माझे मत वेगळे असू शकते. बाबासाहेबांनी १९५४ साली राज्यसभेत चीनविषयक धोरणावर कडक टीका केली होती आणि पुढे १९६२ उजाडले, हे इतिहासाचा विद्यार्थी विसरू शकत नाही. परंतु ज्या जखमी माणसाचा पाय कोटणीसांनी वाचविला, त्याला परराष्ट्र धोरण नव्हते.

कोटणीसांच्या कथेत घरच्यांचा भाग सहसा दोन ओळींत आटोपला जातो. ते यनानला पोचण्यापूर्वीच वडील निवर्तल्याची बातमी आली. घरी परत जा, असे सहकाऱ्यांनी सुचविले. ते गेले नाहीत. म्हणजेच वडिलांमागचे घर सोलापुरात इतरांनी सावरले. जो जातो त्याचा पुतळा होतो. जे मागे राहून घर चालवितात त्यांची गणती कोणी करीत नाही. बंधू मंगेश यांनी पुढे भावाचे चरित्र लिहिले. भगिनी मनोरमाताई अनेकदा चीनला जाऊन आल्या, भावाच्या समाधीवर फुले वाहिली, वहिनीला भेटल्या. यिनहुआ १९६७ मध्ये, वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच वारला. तरीही नाते तुटले नाही. क्वो छिंगलानही भारतात येऊन सासरच्या माणसांना भेटत राहिल्या. भाऊ हयात असताना त्याला भेटावयास जाण्याचा योग या भावंडांना आला नाही. विमानाचे तिकीट काढून महिनाभर ताईकडे जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याने ही गोष्ट ध्यानी घ्यावी.

उलट दिशेने आलेले उदाहरण तर आपल्या दारातच आहे. बेथ्यूनप्रमाणेच कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये या भागात आले आणि १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय उभे राहिले. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपविण्यासारखे नाही. परंतु वॉनलेसांनी येथील तरुणांना वैद्यक शिकविले, म्हणून ते निवृत्त होऊन गेल्यावरही काम उरले. भिक्खूने समाजाचा सेवक व्हावे, असा आग्रह बाबासाहेबांनी १९५० मध्ये 'महाबोधी' नियतकालिकातील लेखात धरला. तो वाचताना मला मिरजेचे ते रुग्णालय आठवते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. महिनाभरासाठी जाणाऱ्याने औषधांची पेटी घेऊन जाऊ नये. रक्तदाबाची गोळी महिनाभर देऊन निघून जाणे म्हणजे रुग्णाची फसवणूक, कारण ती गोळी बहुधा जन्मभर घ्यावी लागते. पाहुण्याने असे काम धरावे, जे तो गेल्यावर थांबणार नाही किंवा थांबले तरी कोणाचे बिघडणार नाही. नोंदवही नीट लावणे, औषधसाठ्याचा हिशेब ठेवणे, पाणी उकळणे, म्हाताऱ्या रुग्णाला हात धरून आत नेणे. वाणिज्य शाखेच्या मुलाला हिशेबाइतके दुसरे काय चांगले येणार?

आणि अडाणी हातांना कमी लेखू नये. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवरच सोपविले. भाऊ, बहीण, आई, जो कोणी उशाशी बसला असेल तो पेल्याने पाणी पाजू लागला. सुमारे तीस टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. जलसंजीवनीचा जगभर जो प्रसार झाला, त्याला या छावणीचा मोठा आधार मिळाला.

आपल्या तालुक्याला बाहेरच्या मदतीचा अनुभव आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्याच्या आठवणी मी वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो. काही जण मालमोटारीवरून कपडे फेकून गेले, काही जण थांबले आणि जखमींजवळ बसले. कपडे कोणी दिले ते कोणाला आठवत नसे. जवळ कोण बसले होते, ते मात्र म्हाताऱ्यांना शेवटपर्यंत आठवत असे.

तो विद्यार्थी जाऊन आला. परवा शाळेत येऊन भेटला. ताईच्या दवाखान्याची तीन वह्यांत विखुरलेली औषधांची नोंद त्याने एका वहीत आणली आणि तेथील एका मुलीला ती ठेवावयास शिकविली. सकाळी रांगेतल्या बायकांची नावे लिहून घेणे हेही त्याचेच काम होते. स्वाहिली किती आली, असे मी विचारले. "फार नाही, सर. 'वापी' म्हणजे कुठे, ते आले. आणि एक शब्द ताईने पहिल्याच दिवशी पाठ करून घेतला. कोणी वेदनेने कण्हत असले, ठेचकाळले, घरचे कोणी गेले, तर तिथली माणसे म्हणतात, 'पोले'. तुमचे दुःख मला कळते, असे काहीसे. रांगेतली एक आजी तर मलाच म्हणाली. मी दिवसभर उभा होतो ना, म्हणून."