भालचंद्र नेमाडे : खानदेशातून आलेली कादंबरी

भालचंद्र वनाजी नेमाडे यांचा जन्म २७ मे १९३८ रोजी जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातील सांगवी या गावी शेतकरी कुटुंबात झाला. सातपुडा आणि तापी यांच्यामधला हा पट्टा काळ्या जमिनीचा, केळीच्या बागांचा. पश्चिमेला धुळ्याकडे अहिराणी चालते, तर यावल, रावेर, भुसावळ भागात लेवा गणबोली. बहिणाबाई चौधरींची कविता याच पूर्व खानदेशातली. एकत्र कुटुंब, भाऊबंदकी, वारकऱ्यांची भजने आणि महानुभावांचे मठ हे सगळे या मुलुखात शेजारी शेजारी नांदते.

शाळेनंतर नेमाडे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. पुढे डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र आणि मुंबई विद्यापीठात इंग्रजी साहित्य असा अभ्यास झाला. अध्यापन अहमदनगर, धुळे, औरंगाबाद, लंडन, गोवा आणि मुंबई असे गावोगाव फिरत केले. इंग्रजीच्या या प्राध्यापकाने इंग्रजी वळणाच्या मराठी साहित्यावरच सर्वांत कठोर टीका केली, हे त्यांच्या बाबतीत विसरता येत नाही.

१९६३ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांनी ‘कोसला’ लिहिली आणि त्याच वर्षी पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने ती छापली. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर हा तिचा निवेदक. वसतिगृह, खानावळ, संमेलने, उधाऱ्या, परीक्षा यांतून जात तो शेवटी हात हलवत गावी परततो. त्या काळच्या कादंबरीत प्रेमकथा आणि सजवलेली भाषा ठरलेली असे. इथे दोन्ही नाहीत. बोलण्याच्या ओघात येणारे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ गंभीर विधानाची हवा काढून घेतात. मधेच रोजनिशी येते, मधेच आजच्या काळाकडे भविष्यातल्या इतिहाससंशोधकाच्या नजरेने पाहणारे विडंबन. मात्र धाकटी बहीण मनी देवीने दगावते तेव्हा हीच विनोदी भाषा अंगावर येते. मराठी कादंबरीत शोक इतक्या कमी शब्दांत क्वचितच आला असेल.

‘कोसला’ची तुलना अमेरिकन लेखक जे. डी. सॅलिंजर यांच्या १९५१ सालच्या ‘द कॅचर इन द राय’शी नेहमी केली जाते. शिक्षणात न रमणारा तरुण, मोठ्यांच्या ढोंगाचा तिटकारा, धाकट्या भावंडावरची माया हे साम्य खरेच आहे. पण सॅलिंजरचा होल्डन न्यूयॉर्कमध्ये दोन-तीन दिवस भटकतो. पांडुरंगाची वर्षानुवर्षे जातात, आणि त्यांचा खर्च बापाच्या शेतीतून येतो. घरून येणाऱ्या पैशांचा हिशेब आणि बापाशी चाललेले भांडण यांनी त्याच्या बंडाला कायम गावाशी बांधून ठेवले आहे. न्यूयॉर्कच्या मुलाला असे परतायचे गाव नाही.

गंमत म्हणजे ‘कोसला’त प्रत्यक्ष बोली फारशी नाही. निवेदन वसतिगृहातल्या मराठीतच चालते. खानदेश आहे तो वाक्याच्या बेफिकिरीत, मोठेपणा चालू न देण्याच्या सवयीत. त्यामुळे तिला ग्रामीण कादंबरी म्हणणे अपुरे ठरते.

पुढे ‘बिढार’ (१९७५), ‘जरीला’ (१९७७), ‘झूल’ (१९७९) आणि बऱ्याच काळाने आलेली ‘हूल’ या कादंबऱ्यांत चांगदेव पाटील हा प्राध्यापक नायक आहे. मुंबईचे लघुअनियतकालिकांचे जग आणि छोट्या शहरांतली महाविद्यालये त्यांत तपशिलाने येतात. क्वचित तपशील कथेवर स्वारही होतो. ‘मेलडी’ आणि ‘देखणी’ हे कवितासंग्रहही त्यांच्या नावावर आहेत.

समीक्षेत त्यांनी देशीवाद मांडला : साहित्याची मुळे आपल्या भूमीत, परंपरेत आणि बोलीत असावीत. ‘लीळाचरित्र’ आणि तुकाराम ही त्यांची आवडती उदाहरणे. कथा या प्रकाराला त्यांनी कमी लेखले, साहित्य संमेलनांवर टीका केली. या दोन्ही मतांवर वाद झाले आणि कथेबद्दलचे मत पटण्यासारखेही नाही. ‘टीकास्वयंवर’ला १९९१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

२०१० मध्ये ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ आली. मोहेंजोदडोच्या उत्खननावर काम केलेला खंडेराव वडिलांच्या निधनाच्या वेळी खानदेशातल्या मोरगावी परततो. इथे मात्र बोली मोकळी सुटते. म्हणी, शिव्या, जातींची नावे, बायकांची गाणी यांचा ढीगच लागतो. महानुभाव पंथात गेलेल्या आत्याची हकीकत तर स्वतंत्र कादंबरीच्या तोलाची आहे. एका शेतकरी घराण्याची गोष्ट इथे सिंधू संस्कृतीपर्यंत मागे जाते. ‘कोसला’त विडंबन म्हणून आलेली उत्खननाची कल्पना ‘हिंदू’मध्ये रचनेचा कणा झाली आहे.

नेमाडे यांना २०११ मध्ये पद्मश्री आणि २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. वि. स. खांडेकर, कुसुमाग्रज आणि विंदा करंदीकर यांच्यानंतर ज्ञानपीठ मिळवणारे ते चौथे मराठी लेखक.