टी. व्ही. घेताना : पडदा मोठा की चित्र चांगले?

टी. व्ही. ही काही दर बाजाराला घेण्याची वस्तू नव्हे. एकदा घेतली की ती पुष्कळ वर्षे घरात राहते. त्यासाठी कोणी पैसे साठवतो, तर कोणी दरमहा हप्ता भरतो. म्हणून पैसे मोजण्याआधी थोडा विचार करावा.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हा ज्याच्या घरी संच असे, त्याच्याकडे सारी आळी जमायची. पडदा किती इंची आहे, हे कोणी विचारत नसे. चित्र दिसले की झाले! आता तसे नाही. दुकानात भिंतभर संच लावलेले असतात. दुकानदार म्हणतो, "काका, हा पंचावन्न इंची न्या. घराला शोभा येईल." त्याच्याच शेजारी त्रेचाळीस इंची संच असतो. त्याचे चित्र अधिक नितळ असते आणि किंमतही तेवढीच असते. आता कोणता घ्यावा?

याचे उत्तर दुकानात नाही. ते आपल्या घरात आहे. कसे ते पाहू.

इंच कसे मोजतात?

३२ इंची म्हणजे ३२ इंच रुंद, असे पुष्कळांना वाटते. ते बरोबर नाही. पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत टेप धरतात. बाहेरची चौकट त्यात धरत नाहीत.

३२ इंची पडदा सुमारे २८ इंच रुंद आणि १६ इंच उंच असतो. ४३ इंची पडदा सुमारे साडेसदतीस इंच रुंद आणि २१ इंच उंच असतो. ५५ इंची पडद्याची रुंदी ४८ इंच आणि उंची २७ इंच भरते. ४३ वरून ५५ वर गेलो, तर आकडा फक्त बारांनी वाढतो. पण चित्राची जागा दीडपटीहून जास्त वाढते. मोठा पडदा मोहात पाडतो तो यामुळेच.

चित्र म्हणजे ठिपके

ठिपक्यांची रांगोळी सर्वांनी पाहिली आहे. टी. व्ही. चे चित्रही तसेच असते. पडद्यावर लाखो बारीक ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला आपला रंग असतो. सारे मिळून चित्र बनते. दुकानदार या ठिपक्यांना 'पिक्सेल' म्हणतात.

खोक्यावर जी नावे लिहितात, ती या ठिपक्यांच्या संख्येची असतात. 'एचडी रेडी' संचात सुमारे साडेदहा लाख ठिपके असतात. 'फुल एचडी' मध्ये आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. 'फोर के' मध्ये त्याच्या बरोबर चौपट, म्हणजे सुमारे ८३ लाख असतात.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. पडदा मोठा झाला म्हणून ठिपके वाढत नाहीत. फुल एचडी ३२ इंची असो की ५५ इंची, ठिपके तेवढेच. मोठ्या पडद्यावर ते जरा पसरून बसतात, इतकेच. ताकात पाणी घातले तर भांडे भरते, पण ताक पातळ होते. तसाच हा प्रकार.

आपल्या घरी येते काय?

संच कितीही भारी असला, तरी घरात जे चित्र येते तेच तो दाखवणार. हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच लोक विसरतात.

दूरदर्शनच्या फ्री डिशवर दरमहा पैसे भरावे लागत नाहीत. म्हणून ती खेड्यापाड्यांत घरोघर आहे. पण तिच्यावरील बहुतेक वाहिन्या साध्या प्रतीच्या आहेत. साध्या प्रतीच्या चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात. म्हणजे एकूण सव्वाचार लाखांच्या आतच. हे चित्र ८३ लाख ठिपक्यांच्या पडद्यावर आले, तर बाकीचे ठिपके संच आपल्या अंदाजाने भरतो. चित्रात जे मुळात नाही, ते तो कोठून आणणार? मग चेहरे धुरकट दिसतात आणि अक्षरांच्या कडा फुटतात.

ज्यांच्या घरी चांगले इंटरनेट आहे किंवा ज्यांनी एचडी वाहिन्या घेतल्या आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या घरी भरपूर ठिपक्यांचे चित्र येते. त्यांना मोठ्या पडद्याचा लाभ होतो. पण इंटरनेट मंद असेल, तर तेथेही चित्र हलक्या प्रतीचे होऊन येते.

डोळ्याला किती दिसते?

डोळ्यालाही मर्यादा आहे. दहा फुटांवरून पाहताना दोन ठिपक्यांत साधारण एक मिलिमीटरपेक्षा कमी अंतर असेल, तर निरोगी डोळ्यालाही ते वेगळे दिसत नाहीत. ते एकमेकांत मिसळतात. रांगोळीचे ठिपकेही रस्त्यावरून दिसत नाहीत; उंबऱ्यात उभे राहिले की दिसतात.

आता दहा बाय दहाची खोली घ्या. एका भिंतीला टी. व्ही. आणि समोरच्या भिंतीला खाट. अंतर सात-आठ फूट. ४३ इंची फुल एचडी पडद्यावर ठिपके अर्ध्या मिलिमीटरवर असतात. आठ फुटांवरून ते डोळ्याला दिसतच नाहीत. मग त्याच आकाराच्या फोर के संचाला केवळ ठिपक्यांसाठी जास्त पैसे मोजण्यात काय हशील? पण साध्या प्रतीचे चित्र त्याच पडद्यावर आले, तर त्याचे ठिपके सव्वा मिलिमीटरहून जास्त पसरतात. ते आठ फुटांवरून जाणवतात. ३२ इंची पडद्यावर तेच चित्र पुष्कळ घट्ट दिसते.

सोपा हिशेब

पडदा आणि बसण्याची जागा यांतले अंतर फुटांत मोजा. घरी एचडी चित्र येत असेल, तर त्या आकड्याला सहाने गुणा. आठ फूट अंतर असेल तर आठ सक अठ्ठेचाळीस. म्हणजे ४८ इंचांच्या आसपासचा पडदा चालेल. फक्त साध्या प्रतीच्या वाहिन्या पाहत असाल, तर चाराने गुणा. आठ चोक बत्तीस. म्हणजे ३२ इंची पुरे. हा हिशेब ढोबळ आहे. दोन-चार इंच इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही.

पण एक अपवाद सांगितला पाहिजे. घरात म्हातारी माणसे असतील, नजर अधू असेल, तर बारीक ठिपक्यांपेक्षा मोठी अक्षरे उपयोगी पडतात. नव्याने वाचायला शिकलेल्यांचेही तसेच आहे. १९९९ साली अहमदाबाद दूरदर्शन केंद्रावर गुजराती चित्रपटगीते दाखवताना खाली गुजरातीतच गाण्याचे शब्द दाखवू लागले. हेतू हा, की गाणे ऐकता ऐकता वाचनाचा सराव व्हावा. पडद्यावरची अशी ओळ बसल्या जागेवरून वाचता आली पाहिजे. येत नसेल तर पडदा एक माप मोठा घ्यावा. पण त्याआधी आपली बसायची जागा दोन फूट पुढे घेऊन बघा. त्याला पैसे पडत नाहीत!

चित्राचे इतर गुण

ठिपके म्हणजेच सारे काही नव्हे. आणखी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, काळा रंग. रात्रीचा देखावा लावा. काळोख काळा दिसतो की राखाडी? राखाडी दिसला तर सारे चित्रच फिके वाटते.

दुसरी, बाजूने दिसणे. आपल्याकडे सगळे समोर बसत नाहीत. कोणी दाराशी, कोणी चुलीशी, पोरे जमिनीवर. काही पडद्यांवर बाजूने पाहिले की रंग उडतात. 'आयपीएस' जातीचा पडदा बाजूने चांगला दिसतो. 'व्हीए' जातीच्या पडद्यावर काळा रंग चांगला उठतो. घरात माणसे पुष्कळ असतील तर पहिला बरा.

तिसरी, उजेड. दिवसा दार उघडे असते. तेव्हा चित्र दिसेल इतका पडदा तेजस्वी हवा.

चौथी, हालचाल. क्रिकेट किंवा कबड्डी लावा. धावणाऱ्या गड्यामागे सावली ओढल्यासारखी दिसत असेल, तर तो संच नको.

दुकानात काय करावे?

दुकानात जो नमुना दाखवतात, तो खास काढलेला असतो. त्यात फुलपाखरे, समुद्र, रंगीत फळे! आपण घरी ते पाहणार नाही. म्हणून दुकानदाराला सांगा, "भाऊ, आम्ही घरी पाहतो ती साधी वाहिनी लावा." दुकानात रंग भडक ठेवलेले असतात. तेही 'स्टँडर्ड' वर आणायला सांगा. मग घरी जितक्या फुटांवर बसता, तितकी पावले मागे जा आणि पाहा. एकदा बाजूला उभे राहूनही पाहा.

कराचेही ध्यानात असू द्या. पूर्वी ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्यांवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या संचांवरही १८ टक्के झाला. म्हणून पक्की पावती घ्या आणि तीवर कर किती लावला ते वाचा. वाचायला शिकलो ते यासाठीच.

तर सांगायचे ते इतके. बसण्याच्या अंतराने पडद्याचे माप ठरवावे. घरात येणाऱ्या चित्राने ठिपके किती हवेत ते ठरवावे. इतके ठरल्यावर पैसे उरले, तर ते आणखी इंचांवर घालू नयेत. काळा रंग, उजेड आणि बाजूने दिसणे यांवर घालावेत. चित्र चांगले असले, तर लहान पडद्याचाही कंटाळा येत नाही.

प्रश्न

१. टी. व्ही. चे इंच कोठून कोठपर्यंत मोजतात?
२. अंतर सात फूट आहे आणि घरी एचडी वाहिन्या येतात. किती इंची पडदा घ्यावा?
३. तुमच्या घरी भिंत आणि बसण्याची जागा यांत किती फूट अंतर आहे? मोजून वहीत लिहा.