लाल विंचू आणि बिरवाडीचे डॉक्टर

वसई-विरारच्या पूर्वेस, तुंगारेश्वराच्या पायथ्याच्या पाड्यांत पेंढा ओढताना किंवा वीटभट्टीवर विटा उचलताना कोणाला लाल विंचू डसला, तर ज्या स्वस्त गोळीवर आज त्याचे प्राण अवलंबून असतात, तिचा हा उपयोग याच कोकणपट्टीत दक्षिणेकडे, महाडच्या मुलुखात, एका सरकारी डॉक्टरांच्या अखंड निरीक्षणातून सिद्ध झाला आहे.

जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात १९५१ साली जन्मलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशावर खात्रीचा इलाज उपलब्ध नव्हता. घामाने निथळणारा, हातपाय गार पडलेला, वांत्यांनी बेजार झालेला रोगी तोंडातून गुलाबी फेस येऊन काही तासांतच दगावे, आणि घरची मंडळी मांत्रिकाकडे धाव घेत. बावस्कर खाटेशेजारी ठाण मांडून नाडी, रक्तदाब व श्वास यांच्या नोंदी करीत राहिले. माझ्या मते त्यांचे जागरण हेच त्यांच्या संशोधनाचे सर्वांत मोलाचे साधन होय. विषामुळे स्वायत्त मज्जासंस्था अनावर चेतते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब भडकतो, हृदय थकते आणि अखेर फुप्फुसांत पाणी साचते, हा क्रम त्यांनी प्रत्यक्ष पाहून मांडला; आणि पेशींवरील ज्या ग्राहकांवाटे (रिसेप्टर) रक्तवाहिन्या आकसतात तेच रोखले तर अनर्थ टळेल, या विचाराने रक्तदाबावरील ‘प्राझोसिन’ ही गोळी त्यांनी वापरली. ‘लॅन्सेट’ने १९८६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पूर्वी गंभीर दंशाचे शंभरांतले तीस-चाळीस रोगी जात. ते प्रमाण एकाच्या आसपास उतरले.

पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह महाडात रुग्णालय चालवीत असतानाही त्यांचे संशोधन थांबले नाही. सत्तर रोग्यांवरील त्यांची चाचणी २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली : केवळ प्राझोसिनने सरासरी सुमारे अठरा तासांत बरे होणारे रोगी, जोडीला विंचूविषाची प्रतिलस दिल्यावर आठ तासांत सावरले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आमच्या जव्हार-विक्रमगडकडील दुर्गम पाड्यांतून मोठे इस्पितळ गाठेतो तास निघून जातात. म्हणून तिथल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात प्राझोसिन व प्रतिलस यांचा साठा बारमाही शिल्लक राहील, अशी तजवीज जिल्ह्याच्या आरोग्य खात्याने करावी, ही माझी आग्रहाची विनंती आहे.