मेंदूतील रक्तप्रवाह दाखविणारा हिरवा रंग

सोलापूर–तुळजापूर मार्गावरील तामलवाडी हे गाव कोजागरीच्या सुमारास पायी जाणाऱ्या हजारो भाविकांच्या परिचयाचे आहे. अशा वाटेवर, शेतात किंवा शाळेत एखाद्यास अकस्मात असह्य डोकेदुखी सुरू झाली, की ऊन लागले अथवा पित्त झाले असे समजून त्याला निजविण्यात येते. प्रत्येक डोकेदुखी गंभीर नसते, हे खरे. परंतु क्षणार्धात टोकाला जाणारी, पूर्वी कधीही न अनुभवलेली वेदना ही मेंदूतील रक्तवाहिनी फुटल्याची खूण असू शकते.

फुगवटा आणि चिमटा

सायकलच्या जुन्या ट्यूबला कमकुवत जागी फुगा येतो, तसाच फुगवटा मेंदूतील धमनीच्या भिंतीला येतो. यास धमनीविस्फार किंवा ॲन्युरिझम म्हणतात. उच्च रक्तदाब व धूम्रपान यांमुळे त्याचा धोका वाढतो. एकदा फुटलेला फुगवटा पुन्हा फुटण्याची भीती पहिल्या चोवीस तासांत सर्वाधिक असते.

फुगवट्याच्या मुळाशी धातूचा लहानसा चिमटा बसवून त्यात जाणारे रक्त थांबविणे, हा त्यावरील एक उपाय होय. अमेरिकेतील शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये अशी शस्त्रक्रिया केली. मात्र, चिमटा थोडा अलीकडे बसल्यास फुगवट्याचा काही भाग शिल्लक राहतो. थोडा पलीकडे बसल्यास शेजारची केसासारखी बारीक धमनी दाबली जाऊन रुग्णास पक्षाघात होऊ शकतो. रक्तवाहिनीच्या आत रक्त वाहते आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांना निश्चित कळत नाही.

रंगाची साक्ष

ही अडचण इंडोसायनीन ग्रीन या हिरव्या रंजकद्रव्याने बरीच दूर केली आहे. १९५० च्या दशकापासून ते हृदय व यकृत यांच्या तपासणीसाठी वापरात होते. जर्मनीतील फ्रँकफर्ट येथील आंद्रेआस राबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेतील त्याचा उपयोग २००३ मध्ये प्रसिद्ध केला. हे द्रव्य शिरेतून टोचले की रक्तातील प्रथिनांना चिकटते व रक्तवाहिन्यांतच राहते. सूक्ष्मदर्शकातून त्यावर अवरक्त किरण टाकले असता ते स्वतः किंचित निराळ्या तरंगलांबीचे अवरक्त किरण बाहेर टाकते. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. विशेष कॅमेरा ते टिपतो. काळ्या पडद्यावर वाहत्या रक्ताच्या वाहिन्या शुभ्र उजळतात आणि नीट बंद झालेला फुगवटा काळा राहतो. चिमटा चुकला असल्यास कवटी मिटण्यापूर्वीच तो सरकविता येतो. यकृत हे द्रव्य काही मिनिटांत रक्तातून काढून टाकते, त्यामुळे तपासणी पुन्हा करता येते.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली जे उघडे आहे तेवढेच दिसते. रक्ताच्या गुठळीआड किंवा जाड भिंतीआड असलेले दिसत नाही. आयोडीनची ॲलर्जी असणाऱ्यांबाबत सावधगिरी बाळगावी लागते.

पहिली कडी गावात

रुग्ण वेळेवर शस्त्रक्रियागृहात पोहोचला, तरच या प्रगतीचा लाभ त्यास मिळेल. अकस्मात तीव्र डोकेदुखी, उलटी, मान ताठणे, शुद्ध हरपणे ही लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मेंदूचा सीटी स्कॅन होईल अशा रुग्णालयात रुग्णास हलवावे. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी एवढी माहिती घरोघरी पोहोचविली, तरी एखाद्या कुटुंबाचा आधार वाचू शकेल.