सुरतेच्या डॉक्टरीणबाई

रखमाबाईंचं नाव निघालं की आपण सरळ मुंबईच्या हायकोर्टात शिरतो. अकराव्या वर्षी झालेलं लग्न, १८८४ साली नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, लावलेला दावा, न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने दिलेला निकाल. मग १८८७ चा न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. हे सगळं आपल्याला तोंडपाठ आहे. पण त्यानंतर सुरतेत त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ जे काम केलं, ते दोन ओळींत आटोपलं जातं. मला हा अन्याय वाटतो.

त्या सुरतेत पोचल्या त्यामागे एका मैत्रिणीचा हात होता. डॉ. एडिथ पीची वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठ्या. १८६९ मध्ये एडिंबरा विद्यापीठात डॉक्टरी शिकायला गेलेल्या पहिल्या मुलींपैकी त्या एक. रसायनशास्त्रात उत्तम गुण मिळूनही, हक्काची होप शिष्यवृत्ती त्यांना बाई म्हणून नाकारली गेली. १८८३ मध्ये त्या मुंबईत आल्या आणि कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. खटल्याने होरपळलेल्या रखमाबाईंना त्यांनी नुसता धीर दिला नाही. डॉक्टर व्हायची वाट दाखवली आणि परदेशातल्या शिक्षणासाठी पैसा उभा करायला मदत केली. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. सांत्वन करणारी माणसं पुष्कळ भेटतात; फीची सोय करून देणारी क्वचित.

१८९५ मध्ये त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. सुरत सुधारणेच्या वाऱ्याला अनोळखी नव्हती. सुधारक कवी नर्मद इथलेच. बालविवाहाविरुद्ध देशभर वाद पेटवणाऱ्या बेहरामजी मलबारींचं बालपणही इथेच गेलेलं. ‘अ हिंदू लेडी’ या नावाने रखमाबाईंनी १८८५ मध्ये टाइम्स ऑफ इंडियात जी पत्रं लिहिली, त्यांचे विषय मलबारींनी आदल्याच वर्षी मांडलेले होते: बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य.

पण बाळंतिणीच्या खोलीपर्यंत तो वारा पोचत नव्हता. त्या काळी बहुतेक घरांत ती खोली अंधारी असे, खिडक्या लावलेल्या, आत शेगडीचा धूर. नाळ कापायला हाताशी येईल ते हत्यार. बाई अडली, तरी परपुरुष डॉक्टर आत येणार नाही. आणि रुग्णालयात न्यायचं तर ते अगदी शेवटी, आशा सुटत आल्यावर. अशा घरांतून बाईला वेळेवर बाहेर काढायचं, तर आधी सासूचा विश्वास मिळवावा लागतो. तेही गुजराती बोलून, तिथल्या चालीरीती सांभाळून. शस्त्रक्रियेच्या कौशल्याइतकंच हे कौशल्य मोठं आहे, असं मला मनापासून वाटतं. त्यातच १८९६ पासून प्लेगने मुंबई इलाख्याला विळखा घातला, आणि सुरतही त्यातून सुटली नाही.

पीची १९०८ मध्ये इंग्लंडमध्ये वारल्या. तोवर रखमाबाई सुरतेत स्थिरावून बारा-तेरा वर्षं झाली होती. त्याच सुमारास, १९०७ मध्ये, शिवगौरी गज्जर आणि बाजीगौरी मुनशी या दोन बालविधवांनी या शहरात वनिता विश्राम सुरू केलं आणि विधवांच्या शिक्षणाचा पाया घातला. नवऱ्याच्या घरी न गेलेली एक बाई या शहरात मोठ्या रुग्णालयाचा कारभार पाहते आहे, हे सुरतेच्या बायका रोज बघत होत्या. डोळ्यांसमोर असं उदाहरण असणं याची किंमत आकड्यांत मांडता येत नाही.

एक गोष्ट मात्र मनाला टोचत राहते. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा ज्याच्या घरी नांदायला नकार दिला त्याच नवऱ्याच्या नावाने रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. काहींना यात हार दिसते. मला त्यात समाजात राहून काम करायचं ठरवलेल्या बाईने मोजलेली किंमत दिसते, आणि ती किंमत मागणाऱ्यांचा राग येतो.

पुढे त्या राजकोटच्या जनाना रुग्णालयात गेल्या आणि सुमारे १९३० पर्यंत काम करत राहिल्या. पडद्याची प्रथा बंद झाली पाहिजे, असं ठासून सांगणारी पुस्तिका त्यांनी १९२९ मध्ये काढली, म्हणजे वयाच्या पासष्टीच्या उंबरठ्यावर. तीन दशकांहून अधिक काळ पडद्यामागच्या बायकांना तपासलेल्या डॉक्टरने ती लिहिली होती. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदीत, त्या गेल्या.