संसार थोडा, हिशेब पुरा

निकाहला वर्ष होण्याआधीच मुलगी माहेरी परत आली, असे घर आता फार शोधावे लागत नाही. कुठे स्वभाव जुळले नाहीत, कुठे सासू-सुनेचे पटले नाही, तर कुठे मुलगा एक महिन्याच्या रजेवर आखातातून आला, निकाह करून परत गेला आणि फोनवरच संसार मोडला. दोन्हीकडची वडीलधारी माणसे बसतात, जमातीचे दोन लोक बोलावले जातात, आणि बोलता बोलता एक वाक्य हमखास येते: "चार महिन्यांचा तर संसार, त्याचा कसला हिशेब करायचा?"

आमचे म्हणणे असे की हिशेब करायचाच. भांडण वाढवण्यासाठी नव्हे, मिटवण्यासाठी. ज्या घरात हिशेब नीट होतो तिथे दोन्ही कुटुंबे पुढच्या आयुष्याला मोकळी होतात. जिथे तो राहून जातो तिथे पाच वर्षांनीही बाजारात समोरासमोर आले की माना फिरतात. त्यासाठी आधी एक गोष्ट समजून घ्यावी. काही हक्क संसार किती दिवस चालला यावर अवलंबून नसतात, आणि काही रकमा ठरवताना मात्र काळाचा विचार होतो. या दोहोंची गल्लत झाली की एका बाजूवर अन्याय होतो.

मेहर: दिवसांवर नव्हे, निकाहवर

मेहर हे पतीवरचे कर्ज आहे. सहा महिन्यांच्या संसाराला सहा महिन्यांपुरती मेहर, असे कोणतेही प्रमाण शरीअतमध्ये नाही. पतिपत्नी एकत्र नांदले असतील तर ठरलेली पूर्ण मेहर देणे लागते, मग तो संसार आठवड्याचा का असेना. सूरह निसाच्या 20 आणि 21 व्या आयतींत तर पत्नीला ढीगभर धन दिले असले तरी त्यातले काही परत घेऊ नका, अशी ताकीद आहे.

निकाह झाला पण रुखसती झाली नाही, पतिपत्नी एकत्र आलेच नाहीत आणि पतीने तलाक दिला, तर सूरह बकरहच्या 237 व्या आयतीप्रमाणे ठरलेल्या मेहरची निम्मी रक्कम द्यावी लागते. मेहर ठरलीच नव्हती तर 236 व्या आयतीनुसार ऐपतीप्रमाणे काही देऊन तिला सन्मानाने निरोप द्यावा. अशा मुलीला इद्दतही नाही; हे सूरह अहजाबच्या 49 व्या आयतीत स्पष्ट आहे.

इथे आपल्या महाराष्ट्रात एक बारीक फरक येतो. देशावरची, मराठवाड्याची बहुतेक घराणी हनफी, तर कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई. पतिपत्नी पूर्ण एकांतात राहिले पण शरीरसंबंध झाला नाही, तर हनफी मसलकात पूर्ण मेहर लागू होते; शाफई मसलकातल्या प्रचलित मतानुसार केवळ एकांताने ती पूर्ण होत नाही. एका बाजूचे घर रत्नागिरीचे आणि दुसरे औरंगाबादचे असेल तर हा प्रश्न खरोखर उभा राहतो. जाणत्या आलिमांकडून तो आधी सोडवून घ्यावा, मग आकड्यांवर बोलावे.

निकाहनाम्यातला एक घोळही सांगायला हवा. ताबडतोब द्यायची मेहर आणि नंतर द्यायची मेहर यांच्यासाठी जे दोन अरबी शब्द आहेत, ते उर्दूत वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिले जातात. मराठीत मात्र दोन्ही 'मुअज्जल' असेच उमटतात. मग वाद झाला की एक म्हणतो नगद ठरली होती, दुसरा म्हणतो उधार. म्हणून मराठी निकाहनाम्यात सरळ 'नगद' किंवा 'उधार' लिहावे, आणि नगद दिली असेल तर 'पोहोचली' असे लिहून मुलीची सही घ्यावी.

इद्दतीचा खर्च आणि पुढची तरतूद

तलाकनंतरच्या इद्दतीत पत्नीचा खर्च पतीने उचलावा, आणि ती गरोदर असेल तर बाळंत होईपर्यंत, हे सूरह तलाकच्या सहाव्या आयतीतून सर्वांना माहीत आहे. त्यापलीकडे सूरह बकरहच्या 241 व्या आयतीत तलाकशुदा स्त्रियांना रीतीप्रमाणे काही द्यावे असे सांगितले आहे. त्याला मताअ म्हणतात. आपल्याकडे मेहरचे नाव निघते, मताअचे क्वचितच.

देशाच्या कायद्याची वाटचाल शाहबानो खटल्याच्या 1985 च्या निकालापासून सुरू झाली असे अनेकांना वाटते, पण आज उपयोगी पडतो तो त्यानंतरचा 1986 चा मुस्लिम महिला (तलाकनंतरच्या हक्कांचे संरक्षण) कायदा. त्याचे तिसरे कलम प्रत्येक घराने समजून घ्यावे असे आहे. पतीने इद्दतीच्या काळात 'वाजवी आणि न्याय्य तरतूद' व खर्च द्यावा, मेहर द्यावी, आणि निकाहपूर्वी, निकाहच्या वेळी किंवा नंतर मुलीला मिळालेल्या सर्व वस्तू परत कराव्यात. पतीने हे केले नाही तर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. अर्जाचा निकाल एका महिन्यात द्यावा, असे कायदा सांगतो. उशीर झाला तर त्याची कारणे नोंदवावी लागतात.

'तरतूद' म्हणजे फक्त तीन महिन्यांचे धान्य-किराणा काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने 2000 साली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2001 च्या दानियल लतीफी खटल्यात उत्तर दिले: पैसे इद्दतीच्या आत द्यायचे, पण तरतूद इद्दतीपुरती नाही, पुढच्या आयुष्याचा विचार करून करायची. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की तलाकशुदा मुस्लिम स्त्री पोटगीच्या सर्वसाधारण कलमाखालीही अर्ज करू शकते. हे पूर्वीचे कलम 125. 1 जुलै 2024 पासून ते नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 झाले आहे.

एका दमात तीन तलाक दिला असेल तर 2019 च्या कायद्याने तो तलाकच ठरत नाही. त्या स्त्रीला स्वतःसाठी आणि मुलांसाठी निर्वाहभत्ता मागता येतो. रागाच्या भरात तोंडातून शब्द काढून वर 'संपला संसार' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

चिपळूणचा एक खटला

संसार थोडा असला की तरतूदही नाममात्र, असे समजणाऱ्यांसाठी आपल्याच कोकणातले एक उदाहरण आहे. निकाह फेब्रुवारी 2005 चा. पती सौदी अरेबियात कामाला. वर्षअखेरीस मुलगी झाली. 2007 मध्ये पत्नी माहेरी आली आणि 2008 मध्ये रजिस्टर पोस्टाने तलाक आला. म्हणजे निकाहपासून तलाकपर्यंत जेमतेम तीन वर्षे, त्यातही पती परदेशात. चिपळूणच्या न्यायालयाने तिला 4 लाख 32 हजार रुपये मंजूर केले. खेडच्या सत्र न्यायालयाने ती रक्कम 9 लाख केली. पुढे तिने दुसरा निकाह केला, म्हणून आता काही देणे लागत नाही, असे पतीचे म्हणणे होते. जानेवारी 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. तिसऱ्या कलमातल्या या हक्काला पुनर्विवाहाची अट नाही, तो तलाकच्या दिवशीच नक्की होतो, असे न्यायालय म्हणाले.

या खटल्यात आणखी एक शिकण्यासारखी गोष्ट आहे: तलाक 2008 चा आणि उच्च न्यायालयाचा निकाल 2024 चा. सोळा वर्षे! जे बैठकीत महिन्याभरात होऊ शकते त्यासाठी दोन घरांची इतकी वर्षे जावीत का, याचा विचार मुलाकडच्यांनीही करावा.

रक्कम किती?

इथे मात्र काळाचा विचार होतो, आणि तो करणे अन्याय नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये पोटगीबाबत दिलेल्या मार्गदर्शक निकालात दोन्ही बाजूंनी आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर सांगावीत असे बंधन घातले. रक्कम ठरवताना दोघांचे वय, शिक्षण, नोकरी, गरजा, पतीवरच्या इतर जबाबदाऱ्या यांच्याबरोबर संसार किती काळ चालला हेही पाहावे, असे त्यात आहे.

म्हणून पंचवीस वर्षांची, कमावती, मूल नसलेली मुलगी आणि निकाहसाठी नोकरी सोडलेली, कडेवर मूल असलेली मुलगी यांची तरतूद एकच असू शकत नाही. पहिलीने आयुष्यभराच्या खर्चाची अपेक्षा धरू नये. दुसरीला 'वर्षभरच तर राहिलीस' असे म्हणू नये. तिची सुटलेली नोकरी वर्षभराने आपोआप परत येत नाही. आणि मुलाचा खर्च हा या हिशेबातला भागच नाही. तो बापावर आहे, आई-बापाचा संसार दोन महिने टिकला की वीस वर्षे, याने त्यात फरक पडत नाही.

दागिने, भांडी आणि फ्लॅट

आपल्या कायद्यात पतिपत्नीची मालमत्ता निकाहने एक होत नाही. जे तिचे ते तिचे, जे त्याचे ते त्याचे. त्यामुळे तिला पतीच्या घरात अर्धा वाटा आपोआप मिळत नाही, आणि तिच्या पगारावर, सोन्यावर त्याचाही हक्क नसतो. वाद होतो तो मधल्या वस्तूंवर.

माहेरहून आलेले दागिने, फ्रीज, कपाट, भांडी तिची. सासरहून चढवलेले दागिने भेट म्हणून दिले असतील तर तेही तिचे. 1986 च्या कायद्यात पतीने आणि त्याच्या नातेवाइकांनी दिलेल्या वस्तूंचाही उल्लेख आहे. 'फक्त घालायला दिले होते' असे पुढे म्हणायचे असेल तर ते निकाहच्या वेळी सांगून, लिहून ठेवायला हवे होते. मुलीच्या बापाने जावयाच्या हातात दिलेली रोकड आणि सोने यांवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2025 मध्ये ती रक्कम तलाकशुदा मुलीला परत देण्याचा आदेश दिला. त्या खटल्यात निकाहच्या नोंदवहीतल्या नोंदीवर बरेच काही अवलंबून होते. भेटवस्तूंची यादी करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात, असा नियम 1985 पासून आहे. तो पाळणारी घरे किती, हे आपण आपल्याला विचारावे.

दोघांच्या नावावर फ्लॅट घेतला असेल तर कागदावरचा हिस्सा आणि कोणी किती पैसे भरले हे पाहावे. बँक तलाक ओळखत नाही. कर्जावर दोघांच्या सह्या असतील तर हप्ता थकल्यावर ती दोघांनाही विचारते. एकाने फ्लॅट ठेवायचा ठरले तर दुसऱ्याला त्याचे पैसे द्यावेत, हक्कसोडपत्र नोंदवावे आणि बँकेकडून दुसऱ्याचे नाव कर्जातून काढून घ्यावे. तोंडी 'तू घे' म्हणणे पुरेसे नाही.

खुलाच्या कागदावर सही करण्यापूर्वी

लहान संसारात सर्वांत मोठे नुकसान इथे होते. मुलीला सुटका हवी असते, घरच्यांना लवकर मोकळे व्हायचे असते, आणि समोर आलेल्या कागदावर 'मेहर, इद्दतीचा खर्च, दागिने, काहीही मागणे नाही' असे लिहिलेले असते. सही होते. महिन्याने लक्षात येते की मुलाचा खर्चही त्यात लिहून दिला आहे.

खुलामध्ये पत्नी मेहर परत करू शकते, साबित बिन कैस (रजि.) यांच्या पत्नीने मेहरमध्ये मिळालेली बाग परत दिल्याची हदीस बुखारीत आहे. पण तिने परत दिली ती त्यांनी दिलेली बाग होती, बापाचे सोने नव्हे. दोष पतीचा असेल तर खुलाच्या मोबदल्यात काही घेणे मकरूह, असे हनफी फुकहांनी म्हटले आहे. छळ होत असेल किंवा दोन वर्षे खर्चच दिला नसेल, तर 1939 च्या कायद्याखाली न्यायालयातून निकाह मोडून घेण्याचा मार्ग खुला आहे, आणि त्या कायद्याचे पाचवे कलम सांगते की यामुळे मेहरच्या हक्काला बाधा येत नाही. खुला आणि हा मार्ग यांतला फरक सही करण्यापूर्वी समजून घ्यावा.

बैठकीला बसण्यापूर्वी निकाहनाम्याची प्रत, वस्तूंची यादी, सोन्याच्या पावत्या, बँकेचे उतारे आणि पतीच्या पगाराचा पुरावा जवळ असू द्यावा. सूरह निसाच्या 35 व्या आयतीप्रमाणे दोन्ही घरांकडून एकेक समंजस मध्यस्थ असावा. मेहर, तरतूद, वस्तू आणि मुलाचा खर्च असे चार वेगळे मुद्दे लिहावेत. सगळ्यांची एक 'ठोक रक्कम' करू नये. पैसे बँकेतून, मुलीच्याच खात्यात द्यावेत. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तिथे मिळकतीची अट न घालता मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन क्रमांक 15100 आहे.

ज्या आयतीत एकत्र न आलेल्या जोडप्याच्या निम्म्या मेहरचा हुकूम आहे, त्याच आयतीच्या शेवटी एकमेकांशी उदारपणे वागायला विसरू नका, असे बजावले आहे. म्हणजे सर्वांत थोड्या संसाराच्या प्रसंगी आधी चोख हिशेब आणि मग उदारपणा शिकवला आहे. आपल्या बैठकांत उदारपणा फक्त मुलीकडून मागितला जातो. तो आधी देणाऱ्याकडून यावा.