क्यू हातात, यू नाही

स्क्रॅबलचा डाव संपत आलाय, सोंगट्यांची पिशवी रिकामी झालीय आणि हातात क्यू अडकलाय. अख्ख्या संचात क्यू एक आणि यू चार. ते चारही पटावर लागून गेलेले. क्यू शेवटपर्यंत हातात राहिला तर त्याचे १० गुण आपल्याच बेरजेतून वजा होणार. ‘क्यूच्या मागे यू येतोच’ हे शाळेत घोकलेलं असतं, म्हणून आपण हताश होतो.

खरं तर सुटका दोन अक्षरांत आहे. क्यू, आय. उच्चार ‘ची’. चिनी विचारातली शरीरात वाहणारी जीवनशक्ती, आपल्या ‘प्राणा’च्या जवळची कल्पना. अमेरिकी स्पर्धांच्या शब्दयादीत हा शब्द २००६ साली आला. आणि आय पुढे असेल तर त्याहून ओळखीचा एक शब्द आहे: एफ, ए, क्यू, आय, आर. फकीर! दारावर येणारा, लहानपणापासून कानावर पडलेला. पण त्याचं स्पेलिंग आपण ‘के’ घालून करतो, म्हणून ऐन वेळी तो सुचत नाही.

दोन अक्षरी शब्द हे या खेळातलं खरं भांडवल. ए-आय म्हटलं की आज सगळ्यांना संगणक आठवतो, पण स्क्रॅबलच्या पटावर संक्षेप चालत नाहीत. तिथला ए-आय हा दक्षिण अमेरिकेतला तीन बोटांचा स्लॉथ. उच्चार जवळजवळ आपल्या ‘आई’सारखा. दोन ए जोडले की होतो ‘आआ’: हवाई बेटांवरचा खडबडीत, टोकदार लाव्हा. दख्खनच्या लाव्हाथरांचं वर्णन करताना भूशास्त्रज्ञ हाच शब्द आणि त्याचा गुळगुळीत जोडीदार ‘पाहोएहोए’ वापरतात. सह्याद्री पायाखाली घातलेल्या माणसाला हे दोन ए विसरता येणार नाहीत.

माझा सगळ्यात लाडका शब्द मात्र सी-डब्ल्यू-एम. हातात एकही स्वर नसताना तो धावून येतो. वेल्श भाषेत डब्ल्यू हा ‘ऊ’चं काम करतो, म्हणून उच्चार ‘कूम’. हिमनदीने डोंगराच्या कुशीत वाडग्यासारखी कोरून काढलेली दरी. एव्हरेस्टच्या पोटातल्या अशाच एका दरीला जॉर्ज मॅलरी यांनी १९२१ साली ‘वेस्टर्न कूम’ हे नाव दिलं. नेपाळच्या बाजूने चढणारे आपले गिर्यारोहक खुंबूचा हिमप्रपात ओलांडून तिथेच पोचतात. वेल्समधला शब्द, हिमालयातली दरी आणि तीन सोंगट्या!

मोठ्या शब्दांत ‘कझीक’चा मान मोठा. कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा सरदार. त्याचं अनेकवचन लावून डॉ. कार्ल खोशनॉ यांनी १९८२ साली मँचेस्टरमध्ये एका खेळीत ३९२ गुण मिळवले. अक्षरांचे २८, क्यू दुप्पट झाल्याने ३८, शब्दाची तिप्पट दोनदा म्हणजे ३४२, आणि सातही सोंगट्या लावल्याचे ५०.

शब्द अर्थाशिवायही पाठ होतात. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांना फ्रेंच बोलता येत नव्हती, तरी २०१५ साली ते फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले. २०२४ मध्ये स्पॅनिशचेही. त्यांच्या स्मरणशक्तीपुढे मी नतमस्तक आहे. पण मला याद्या नुसत्या घोकून लक्षात राहत नाहीत. ‘कूम’ राहिला तो त्या दरीमुळे.

तीन-तीन ओ हातात आले तर डाव फसला असं वाटतं. अशा वेळी एम, एन, जी, ई आहेत का पाहा आणि पटावर एखादा मोकळा एस शोधा. सातही सोंगट्या लागतील, वर ५० गुण मिळतील. शब्द आहे ‘मंगूज’, आणि इंग्रजीने तो आपल्या मराठीतल्या मुंगसावरूनच घेतलाय.